फुकटाची यंत्रणा आणि देखभालीचा खर्च

३० जून २०२४ हा दिवस बहुसंख्य लोकांच्या दृष्टीने इतर कोणत्याही दिवसासारखाच गेला. त्या दिवशी कोणता कारखाना बंद पडल्याची हाकाटी झाली नाही की कोणती पेढी बुडाल्याची वार्ता आली नाही. परंतु जगभरातील असंख्य संकेतस्थळे ज्या यंत्रणेच्या पाठीवर उभी होती, त्या ‘सेंटॉस ७’ नावाच्या ऑपरेटिंग सिस्टीमची देखभाल त्या दिवशी अधिकृतपणे संपुष्टात आली. यंत्रे चालूच राहिली. थांबली ती दुरुस्ती. शाळांची, वाचनालयांची, पतसंस्थांची संकेतस्थळे आदल्या दिवशी उघडत होती, तशीच ती दुसऱ्या दिवशीही उघडली. म्हणूनच तंत्रज्ञांच्या वर्तुळाबाहेर या घटनेची फारशी दखल घेतली गेली नाही. वस्तुतः हा विषय तंत्रज्ञांवर सोपवून मोकळे होण्यासारखा नाही. जी वस्तू सर्वांच्या उपयोगाची आहे आणि जिची किंमत कोणीच मोजत नाही, तिची देखभाल कोणी करावयाची आणि खर्च कोणी सोसावयाचा, हा अर्थशास्त्रातील जुनाच प्रश्न येथे नव्या वेषात उभा आहे.

संकेतस्थळ ही हवेत तरंगणारी वस्तू नसते. ते कोठल्या तरी संगणकावर साठविलेले असते. अहोरात्र चालू राहणाऱ्या या संगणकाला सर्व्हर म्हणतात आणि त्यावरील जागा भाड्याने देण्याच्या व्यवसायाला होस्टिंग म्हणतात. एकाच सर्व्हरवर कित्येक भाडेकरू, चाळीतल्या बिऱ्हाडांप्रमाणे, शेजारी शेजारी नांदत असतात. चाळीत पायाचे, जिन्याचे आणि नळाचे जे काम, तेच सर्व्हरवर ऑपरेटिंग सिस्टीमचे. भाडेकरूला पाया कधी दिसत नाही. त्याला आपली खोली दिसते. मालकाने पायाची डागडुजी थांबविली, तरी पहिल्या पावसाळ्यापर्यंत कोणाच्या ध्यानात येत नाही.

सेंटॉसचा उदय आणि अस्त

सेंटॉसची कथा थोडक्यात समजून घेतली, तर आजची अडचण का उद्भवली ते स्पष्ट होते. अमेरिकेतील रेड हॅट ही कंपनी लिनक्सवर आधारलेली एक ऑपरेटिंग सिस्टीम मोठ्या उद्योगांना वार्षिक वर्गणी घेऊन पुरविते. तिची मूळ संहिता खुल्या परवान्यांखाली असल्यामुळे ती घेऊन, रेड हॅटची बोधचिन्हे काढून टाकून, तिची हुबेहूब प्रतिकृती उभारणे कायद्याने शक्य होते. २००४ साली काही स्वयंसेवकांनी नेमके हेच केले आणि ती प्रतिकृती ‘सेंटॉस’ या नावाने विनामूल्य उपलब्ध करून दिली. एका आवृत्तीला सुमारे दहा वर्षे दुरुस्त्या मिळत राहणार, ही तिची मोठीच जमेची बाजू होती. होस्टिंगचा धंदा करणाऱ्यांना याहून अधिक काय हवे होते? दर्जा उद्योगधंद्यांना साजेसा, आयुष्य दीर्घ आणि किंमत शून्य. पाहता पाहता या व्यवसायात सेंटॉस ही जणू प्रमाण यंत्रणा बनली.

जानेवारी २०१४ मध्ये रेड हॅटनेच सेंटॉसला आपल्या छत्राखाली घेतले. पुढे जुलै २०१९ मध्ये आयबीएम कंपनीने सुमारे ३४ अब्ज डॉलर मोजून रेड हॅट विकत घेण्याचा व्यवहार पूर्ण केला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ‘सेंटॉस ८’ प्रसिद्ध झाली आणि २०२९ पर्यंत तिची देखभाल होईल, असे गृहीत धरून अनेकांनी आपले सर्व्हर तिच्यावर नेले. मात्र ८ डिसेंबर २०२० रोजी घोषणा झाली की, सेंटॉस ८ ची देखभाल ३१ डिसेंबर २०२१ रोजीच थांबेल आणि यापुढे ‘सेंटॉस स्ट्रीम’ हीच काय ती आवृत्ती राहील. स्ट्रीम ही रेड हॅटच्या मूळ प्रणालीची प्रतिकृती नसून तिच्या पुढील आवृत्तीची रंगीत तालीम आहे. स्थैर्य हाच ज्यांच्या धंद्याचा प्राण, त्यांना रंगीत तालमीत रस असण्याचे कारण नव्हते.

या निर्णयातील एक विपरीत गोष्ट येथे ध्यानात घेतली पाहिजे. ज्यांनी दक्षता दाखवून वेळेवर आठव्या आवृत्तीवर स्थलांतर केले, त्यांची यंत्रणा २०२१ अखेरच निराधार झाली. आणि जे आळसाने वा अन्य कारणाने सातव्या आवृत्तीवरच बसून राहिले, त्यांना जून २०२४ पर्यंत अभय मिळाले. दक्षतेला दंड आणि दिरंगाईला बक्षीस देणारी ही उलटी व्यवस्था झाली. असा अनुभव एकदा आला, की पुढील स्थलांतराच्या वेळी ‘थांबा आणि पाहा’ हीच वृत्ती बळावते, आणि असुरक्षित सर्व्हरांच्या संख्येत तिच्यामुळे भर पडते.

विज्ञानसंस्थांनाही या निर्णयाचा फटका बसला. अमेरिकेतील फर्मीलॅब ही भौतिकी प्रयोगशाळा आपल्या गरजेसाठी ‘सायंटिफिक लिनक्स’ नावाची वेगळी प्रतिकृती सांभाळीत असे. एप्रिल २०१९ मध्ये तिने जाहीर केले की, नवी आवृत्ती न काढता आपण सेंटॉस ८ स्वीकारू. दुहेरी श्रम टाळण्याचा तो विचार सर्वथा सयुक्तिक होता. परंतु दोन वर्षे उलटण्याच्या आतच तो आधार काढून घेतला गेला. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये फर्मीलॅब आणि युरोपातील सर्न या दोन्ही संस्थांनी ‘अल्मालिनक्स’चा अंगीकार केल्याचे जाहीर केले.

दोष कोणाचा?

या साऱ्याचा दोष केवळ रेड हॅटच्या माथी मारणे सोपे आहे, पण ते पूर्णतः न्याय्य नाही. दिलेल्या मुदतीच्या भरवशावर लोकांनी योजना आखल्या असताना ती मुदत सात वर्षांहून अधिक काळाने तोडणे हा विश्वासभंग होता, यात शंका नाही. तथापि दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ऑपरेटिंग सिस्टीममधील दोष शोधणे, ते दुरुस्त करणे, ती दुरुस्ती जुन्या आवृत्तीत कशी बसेल हे पाहणे आणि दहा वर्षे हे व्रत चालविणे याला कुशल अभियंते लागतात, आणि त्यांना वेतन द्यावे लागते. हे वेतन रेड हॅटचे वर्गणीदार देत होते. त्या श्रमाचे फळ मात्र हजारो होस्टिंग व्यावसायिक विनामोबदला घेत होते आणि त्यावर नफाही मिळवीत होते. त्यांच्यापैकी किती जणांनी त्या नफ्यातील दिडकी सेंटॉसच्या कामासाठी बाजूला काढली असेल? स्वयंसेवकांच्या त्या छोट्या गटाला २०१४ मध्ये रेड हॅटचा आश्रय घ्यावासा वाटला, यातच या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आहे.

अर्थशास्त्रात सार्वजनिक मालमत्तेची चर्चा निघाली, की गॅरेट हार्डिन यांच्या १९६८ मधील गायरानाच्या दृष्टांताचा उल्लेख हटकून होतो. सामाईक कुरणावर प्रत्येकजण आपली जास्तीत जास्त गुरे सोडतो आणि शेवटी कुरणच उजाड होते. संगणकाच्या संहितेला हा दृष्टांत जसाच्या तसा लागू पडत नाही. गवत खाल्ल्याने संपते. संहिता वापरल्याने संपत नाही. एकाने तिची प्रत घेतली म्हणून दुसऱ्यासाठी ती कमी होत नाही. येथे संकट उपभोगाच्या अतिरेकाचे नाही, ते देखभालीच्या अभावाचे आहे. या कुरणाला जुने कुंपण पुरत नाही, कारण तोडणारे रोज नवी हत्यारे घेऊन येतात. कुंपण रोज दुरुस्त करावे लागते, आणि ते काम सर्वांचे असल्यामुळे कोणाचेच राहत नाही.

एप्रिल २०१४ मध्ये उघडकीस आलेला ‘हार्टब्लीड’ हा दोष याचे ठळक उदाहरण आहे. इंटरनेटवरील व्यवहार गुप्त राखण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘ओपनएसएसएल’ या संहितेत तो दडलेला होता. बँका, दुकाने, सरकारे तिच्यावर विसंबून होती. आणि ती सांभाळणाऱ्या मूठभर लोकांना मिळणाऱ्या देणग्यांची रक्कम वर्षाला दोन हजार डॉलरच्या आसपास असे. दोषाचा बोभाटा झाल्यानंतरच मोठ्या कंपन्यांनी लिनक्स फाउंडेशनच्या पुढाकाराने निधी उभा केला. आग लागल्यावर विहीर खणावयाची, हीच आजवरची रीत दिसते.

या कोंडीला उत्तरच नाही असे मात्र नव्हे. एलिनॉर ऑस्ट्रम यांनी १९९० मधील आपल्या ग्रंथात जगभरच्या सामाईक साधनांचा अभ्यास मांडून दाखविले की, उपभोक्त्यांनी स्वतः नियम केले, प्रत्येकाचा वाटा ठरविला आणि त्यावर नजर ठेवली, तर सामाईक मालमत्ता पिढ्यानुपिढ्या टिकते. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. महाराष्ट्राला हे तत्त्व पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम या नद्यांच्या काठी चालत आलेली फड पद्धत याच तत्त्वावर उभी आहे. बंधाऱ्याचे पाणी सर्वांचे. पण पाटातील गाळ काढण्याचे कामही सर्वांचे. पाणी हक्काने घ्यावयाचे आणि गाळ काढण्याच्या दिवशी घरी बसावयाचे, ही मुभा तेथे नाही. होस्टिंगच्या धंद्याने पाणी भरपूर घेतले. गाळाची पाळी आपली आहे हेच तो विसरला.

पर्यायाची निवड

सेंटॉसची जागा घेण्यासाठी दोन प्रमुख पर्याय पुढे आले. २०२० च्या घोषणेपाठोपाठ, सेंटॉसच्या आरंभकाळाशी संबंधित असलेले ग्रेगरी कर्टझर यांनी ‘रॉकी लिनक्स’चा संकल्प सोडला, सेंटॉसचे एक दिवंगत सहसंस्थापक रॉकी मॅकगॉ यांच्या स्मरणार्थ हे नाव ठेवण्यात आले. तिची पहिली स्थिर आवृत्ती जून २०२१ मध्ये निघाली. त्याआधी, मार्च २०२१ च्या अखेरीस, होस्टिंग व्यवसायासाठी प्रणाली पुरविणाऱ्या क्लाउडलिनक्स या कंपनीच्या पुढाकाराने ‘अल्मालिनक्स’ अवतरली. ‘अल्मा’ म्हणजे स्पॅनिश भाषेत आत्मा. कंपनीने तिच्यासाठी वर्षाला दहा लाख डॉलर देण्याचे वचन दिले आणि कारभार सभासदांनी निवडलेल्या मंडळाकडे राहील अशी ना-नफा संस्था स्थापन केली.

दोन्ही प्रणाली विनामूल्य आहेत आणि तांत्रिक दृष्ट्या समर्थ आहेत. तथापि दोघींचीही कसोटी लवकरच लागली. जून २०२३ मध्ये रेड हॅटने आपल्या प्रणालीची संपूर्ण संहिता सर्वांसाठी खुली ठेवण्याचे बंद केले आणि ती आपल्या ग्राहकांपुरती मर्यादित केली. इतरांसाठी केवळ स्ट्रीमची संहिता राहिली. रॉकीने अन्य मार्गांनी मूळ संहिता मिळवून हुबेहूब प्रतिकृतीचे धोरण चालू ठेवले. अल्माने मात्र अक्षरशः नक्कल करण्याचा हट्ट सोडला आणि मूळ प्रणालीवर चालणारे सर्व प्रोग्रॅम आपल्याकडेही चालतील, एवढीच हमी पुरेशी मानली. त्यामुळे तिला स्वतःच्या बळावर दुरुस्त्या करण्याची मोकळीकही मिळाली आणि जबाबदारीही आली.

तात्पर्य असे की, पर्याय निवडताना ‘फुकट कोणता’ हा प्रश्न निरर्थक आहे, कारण सगळेच फुकट आहेत. तिचा कारभार कोणाच्या हाती आहे, देखभालीचा पैसा कोठून येतो आणि मुख्य आश्रयदात्याने हात आखडता घेतला तर काय होईल, हे प्रश्न विचारले पाहिजेत. सेंटॉसच्या वेळी हे प्रश्न कोणी विचारले नाहीत.

स्थलांतराचे खरे श्रम

प्रणाली फुकट असली, तरी स्थलांतर फुकट होत नाही. सेंटॉस ८ वरून अल्मा किंवा रॉकीच्या आठव्या आवृत्तीवर जाणे तुलनेने सोपे होते. आतील सामान एकच असल्यामुळे दारावरची पाटी बदलण्याइतकेच ते काम होते. सातव्या आवृत्तीवरून पुढे जाणे मात्र वेगळे. तेथे मधल्या अनेक वर्षांचे अंतर एका उडीत कापावे लागते. त्यासाठी अल्माने ‘एलेव्हेट’ नावाचे साधन उपलब्ध केले आहे. त्याने चालू सर्व्हरवरच नवी प्रणाली चढविता येते. परंतु अनुभवी व्यवस्थापक बहुधा दुसरा मार्ग पत्करतात: नवा सर्व्हर शेजारी उभा करावयाचा, एकेक बिऱ्हाड तेथे हलवावयाचे, सर्व काही नीट चालते याची खात्री करावयाची आणि मगच पत्त्याची नोंद बदलावयाची. यात काही काळ दुप्पट भाडे पडते. पण काही बिघडलेच, तर परतीची वाट मोकळी राहते. अर्थात दोन्ही मार्गांत सुरक्षित प्रत आधी घ्यावी लागते, आणि ती प्रत पुन्हा उभी राहते की नाही हे प्रत्यक्ष पाहावे लागते.

खरी अडचण बिऱ्हाडांच्या आत असते. वर्षानुवर्षे जुनी असलेली अनेक संकेतस्थळे पीएचपी या भाषेच्या जुन्या रूपात लिहिलेली आहेत. माहितीसाठ्याशी बोलण्याची जी पद्धत त्यांत वापरली आहे, ती डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या पीएचपी ७ मधून काढूनच टाकण्यात आली. अशी संकेतस्थळे नव्या घरात नेली, की मुकी होतात. मराठी संकेतस्थळांच्या वाट्याला आणखी एक दुखणे येते. मायएसक्यूएल या माहितीसाठ्याची मूळ मांडणी २०१८ पर्यंत पश्चिम युरोपीय लिपीची होती. त्या मांडणीत अनवधानाने साठविलेला देवनागरी मजकूर जुन्या सर्व्हरवर ठीक दिसतो. परंतु हलविताना योग्य काळजी घेतली नाही, तर अक्षरांच्या जागी अगम्य चिन्हांची रांग उमटते. एखाद्या वाचनालयाने दहा वर्षे खपून केलेली ग्रंथसूची अशा रीतीने एका रात्रीत निरुपयोगी भासू शकते. ती पूर्ववत करता येते. पण त्यासाठी जाणकार माणूस आणि त्याचा वेळ लागतो, आणि त्या वेळेचा मोबदला कोठल्याच अंदाजपत्रकात धरलेला नसतो.

‘चालते आहे ना?’

या खर्चामुळेच ‘चालते आहे ना, मग हात कशाला लावा’ हा युक्तिवाद लोकप्रिय ठरतो. त्याला थोडा आधारही आहे. १ जुलै २०२४ रोजी, म्हणजे सेंटॉस ७ ची देखभाल संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी, सर्व्हरमध्ये दुरून प्रवेश करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ओपनएसएसएच या साधनातील एक गंभीर दोष जाहीर झाला. योगायोगाची गोष्ट अशी की, तो नव्या आवृत्त्यांत होता. सेंटॉस ७ मधील जुन्या आवृत्तीत तो नव्हता. नवे ते निर्दोष, असे समजणे किती भ्रामक आहे हे यावरून दिसते. परंतु याच घटनेतून उलट बोधही निघतो. नव्या प्रणालींच्या वापरकर्त्यांना काही दिवसांच्या आत दुरुस्ती मिळाली. उद्या जुन्या आवृत्तीत तितकाच गंभीर दोष सापडला, तर तेथे दुरुस्ती धाडणारे कोणी नाही. सुरक्षितता म्हणजे दोषांचा अभाव नसून दोष निस्तरणाऱ्या हातांचे अस्तित्व होय.

दुरुस्ती उपलब्ध असूनही ती न केल्यास काय होते, हे मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगाला दाखविले. विंडोजमधील ज्या छिद्रातून तो शिरला, त्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच प्रसिद्ध केली होती. तरीही ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेतील अनेक रुग्णालयांना रुग्णांच्या भेटी आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. दुरुस्ती हाताशी असताना ही गत. जेथे दुरुस्तीच येणार नाही, तेथे काय होईल याची कल्पना करणे अवघड नाही. शिवाय एका सर्व्हरवर अनेक बिऱ्हाडे असल्यामुळे एकाच्या दारातून शिरलेला चोर पाया पोखरू शकला, तर तो साऱ्या चाळीत फिरू शकतो. देखभाल संपलेल्या प्रणालीसाठी पैसे घेऊन आणखी काही वर्षे दुरुस्त्या पुरविणाऱ्या कंपन्या आहेत, आणि अडल्या वेळी तो मार्ग योग्यही ठरतो. परंतु ती मुदतवाढ असते, सुटका नव्हे.

करावयाचे काय?

पहिली गोष्ट म्हणजे घसाऱ्याची. गिरणीचा मालक यंत्र विकत घेतो, त्याच दिवसापासून त्याच्या झिजेपोटी निधी बाजूला ठेवतो. ऑपरेटिंग सिस्टीमला गंज चढत नाही, म्हणून तिच्या घसाऱ्याची तरतूद कोणी करीत नाही. वास्तविक तिच्या मरणाची तारीख यंत्राच्या मरणापेक्षा कितीतरी निश्चित असते. सेंटॉस ७ ची तारीख वर्षानुवर्षे जाहीर होती. होस्टिंग व्यावसायिकांनी वार्षिक शुल्कातील ठराविक हिस्सा पुढील स्थलांतरासाठी राखून ठेवणे, आणि त्यातला लहानसा वाटा ज्या संस्थेची प्रणाली वापरली जाते तिच्याकडे वर्गणीरूपाने पाठविणे, हा धंद्याचा शहाणा हिशेब ठरेल.

दुसरी गोष्ट ग्राहकाच्या हक्काची. औषधाच्या बाटलीवर मुदत छापलेली असते. होस्टिंगच्या पावतीवर प्रणालीचे नाव आणि तिच्या देखभालीची अखेरची तारीख छापण्यास अडचण कोणती? शाळेने, ग्रंथालयाने, पतसंस्थेने नूतनीकरणाचे पैसे भरताना तीन प्रश्न लेखी विचारावेत: आमचे संकेतस्थळ कोणत्या प्रणालीवर आहे, तिची देखभाल कधीपर्यंत आहे, आणि आमच्या मजकुराची प्रत आम्हांला केव्हा व कशी मिळेल. या प्रश्नांसाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. दप्तर नीट ठेवणाऱ्या कोणत्याही कारकुनाला ते विचारता येतील.

तिसरी गोष्ट शासनाची. भारत सरकारने २०१५ मध्ये शासकीय कामासाठी मुक्त संगणकप्रणालींचा स्वीकार करण्याचे धोरण जाहीर केले. ते स्वागतार्हच होते. परंतु वापर म्हणजे केवळ परवान्याच्या खर्चातील बचत, एवढाच अर्थ घेतला गेला, तर सेंटॉसची पुनरावृत्ती अटळ आहे. त्या बचतीचा काही अंश देखभालीच्या कामासाठी, आणि ते करू शकणारे अभियंते घडविण्यासाठी, खर्च झाला पाहिजे. आपल्या महाविद्यालयांतील विद्यार्थी या प्रणाली वापरण्यास शिकतात. त्या दुरुस्त करण्यासही त्यांनी शिकावे, अशी व्यवस्था हवी.

अल्मा आणि रॉकी यांच्या आजच्या आवृत्त्यांनाही अंताच्या तारखा आहेत. आठव्या आवृत्तीची देखभाल २०२९ मध्ये संपेल, नवव्या आवृत्तीची २०३२ मध्ये. याचा अर्थ असा की, आज सुटकेचा निःश्वास टाकणाऱ्यांना काही वर्षांनी पुन्हा बिऱ्हाड हलवावेच लागणार आहे. ते स्थलांतर घाईगर्दीत, रात्री जागून आणि देवावर हवाला ठेवून करावयाचे, की आधीच जमविलेल्या निधीच्या बळावर शांतपणे करावयाचे, हे आजच्या हिशेबवहीतच ठरणार आहे. त्या वहीत देखभालीचे पान अद्याप कोरे आहे.